पन्नासच्या जरा खाली

रावपुऱ्यातले परेशभाई पाकीट उलटंसुलटं करून बघतात.
"छ तारमां शुं खूटे छे, भाई?"
काही नाही. सहात काही कमी नाही.
नऊ रात्री अख्खं बडोदं नाचतं सहा तारांवर,
आणि खरं सांगायचं तर
त्यातल्या तीनच वाजत असतात.

माझ्या गिटारला आठ.
मान इतकी रुंद की अंगठा मागे हरवतो,
आणि करंगळी पोचते तोवर ती माझी राहत नाही.
कुठल्याच पेटीत मावत नाही, म्हणून आईनं
गादीची खोळ कापून पिशवी शिवली,
निळ्या पट्ट्यांची.

शहरात अशा तीन होत्या.
एक निझामपुऱ्यातल्या पोरानं विकली, स्कूटरचे हप्ते थकले तेव्हा.
दुसरी हरणीला, कपाटावर,
दोन तारा काढून टाकलेली. म्हणजे ती आता नाहीच.
राहिली ही.
आठवी तुटली तर नवी मुंबईहून येते, सव्वा महिन्यानं,
म्हणून तोडायचीच नाही. मळली की
चहाच्या पातेल्यात उकळायची
आणि आईचं ऐकून घ्यायचं:
"दोन तारा जास्तीच्या. पगार किती जास्तीचा?"

दिवसभर मी तांबं गुंडाळतो.
मकरपुरा, वाइंडिंग खातं. वेढा, कागद, वेढा, कागद,
मोजणी चुकली की सगळं उलगडायचं.
आठवी तारही तशीच: पोटात पोलाद,
वरून निकेलचा वेढा, एकाला एक चिकटून,
उदबत्तीच्या काडीहून जाड.
नख फिरवलं की ओळख पटते,
आपल्याच खात्याचं काम.

एकटी वाजवली तर चिखल. माहीत आहे.
बँडमध्ये तिला बेसवाला खातो, वरातीत ढोल,
आणि फोनच्या स्पीकरला तर ती आहे हेच कळत नाही.
मी रेकॉर्डिंग पाठवलं तेव्हा मित्र म्हणाला,
छान आहे, सुरू कधी होतं?

पण ट्रान्सफॉर्मर.
वीज पन्नासची आणि त्याची गुणगुण शंभरची,
कारण एका हेलकाव्यात लोखंड दोनदा अंग ताणतं.
हे पुस्तकात असतं.
ते पन्नास कुठे जातात, हे नसतं.
दुसरी पाळी संपत आलेली, टेस्टिंगला जॉब चढवलेला,
मी छोटा स्पीकर स्टुलावर ठेवला, खुंटी पिळली.
तार तिच्या जागेवरून अर्ध्या सुराहून थोडी वर,
अजून थोडी,
आणि पत्र्याची शेड एकदम खालून भरली,
जणू इतके दिवस त्या शंभरला
बसायला जमीनच नव्हती.

परेशभाईंना हे कसं सांगायचं?

रमीलाबेनना वाइंडिंगवर तेवीस वर्षं झाली.
डावा कान प्रेसनं नेला, उजवा अर्धा उरला आहे.
त्यांनी डब्याचं झाकण लावलं, उठून आल्या,
आणि गिटारच्या लाकडावर तळवा ठेवला,
नव्या टाकीवर ठेवतात तसा, ताप बघितल्यासारखा.
मी सातवी छेडली. त्यांनी मान हलवली, नाही.
आठवी छेडली.
हात तसाच राहिला. तार विझली तरी राहिला.
"आ तो आपणुं पंचवीस एमवीए," त्या म्हणाल्या.
मग जरा थांबून,
"लोड वगरनुं."

भोंगा झाला. मी तार सैल करून तिच्या जागी आणली
(ताणलेली ठेवली तर तुटेल, सव्वा महिना),
पट्ट्यांच्या पिशवीची नाडी बांधली.
कंपनीच्या बसमध्ये शेजारच्यानं विचारलं, आत काय आहे.
गिटार, म्हटलं.

एवढी?